मोटार, चेक आणि दोन निष्पाप माणसें

जुनी मोटार विकणें हा व्यवहार दिसावयास फार साधा आहे. एखाद्या गृहस्थाजवळ एक चांगली, चपळ मोटार असते. त्यानें ती निगुतीनें वापरलेली असते, वेळच्या वेळीं तपासून घेतलेली असते, आणि मैलमापकावरचा आंकडाही बेताचाच असतो. ती व्यापाऱ्याकडे नेली, तर तो आपला नफा आधीं बाजूला काढून मगच किंमत सांगणार. म्हणून हा गृहस्थ वृत्तपत्रांत दोन ओळींची जाहिरात देतो, आणि एके दिवशीं एक अनोळखी मनुष्य त्याच्या दाराशीं येऊन उभा राहतो. त्यानंतर जें घडतें, त्याचा इतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

त्या क्षणीं या दोघांजवळ एकमेकांना देण्यासारखें काय असतें? विकणाराजवळ मोटार असते आणि तिच्याविषयींचा त्याचा शब्द असतो. घेणाराजवळ पैसा असतो, किंवा पैसा देण्याविषयींचा नुसता शब्द असतो. अशा सौद्यांत फसण्याची भीति घेणारालाच, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. गाडी वाईट निघाली तर घेणाराच्या हातीं निदान वाईट गाडी तरी उरते. विकणारानें मात्र गाडी दिली आणि पैसा आलाच नाहीं, तर त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. इंग्लंडमधील न्यायालयांनीं गेल्या शतकांत ज्या खटल्यांचे निकाल दिले, त्यांवरून ही गोष्ट फार स्पष्ट होते. इंग्लंडचाच इतिहास निवडण्याचें कारण असें कीं, तेथील हे खटले तपशीलवार नोंदलेले आहेत, आणि आपल्याकडील करारांचा व मालविक्रीचा कायदा त्याच मुशींतून निघालेला आहे.

मोटारीच्या आधीं घोडा होता. पळवून नेण्यास सोपा, आणि किंमतीनें भारी! सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या जत्रांतून चोरीच्या घोड्यांचा व्यापार चाले. त्यावर उपाय म्हणून १५५५ आणि १५८९ या सालीं पार्लमेंटनें दोन कायदे केले. जत्रेंत विक्रीस आणलेला घोडा सकाळीं दहापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळांत निदान एक तास सर्वांच्या नजरेसमोर उभा केला पाहिजे. त्याचा रंग, अंगावरच्या खुणा, ठरलेली किंमत आणि देणाराघेणारांचीं नांवें जकातदाराच्या वहींत लिहिलीं गेलीं पाहिजेत. आणि विकणारा जर जकातदाराच्या ओळखीचा नसेल, तर त्याला ओळखणारा कोणी भरंवशाचा मनुष्य त्यानें बरोबर आणला पाहिजे, असा निर्बंध होता. इतकें करूनही घोडा चोरीचा निघालाच, तर मूळ मालकाला सहा महिन्यांच्या आंत तो परत मागतां येई. मात्र घेणारानें मोजलेली किंमत त्याला भरून द्यावी लागे. या व्यवस्थेंतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. अनोळखी माणसाच्या केवळ सांगण्यावर येथें कांहीं चालत नसे. आणि चोर निसटून गेल्यावर मागें उरलेल्या दोन निष्पाप माणसांपैकीं दोघांच्याही पदरांत कांहीं तरी पडावें, असा मेळ कायद्यानें घातला होता.

मोटार आली ती या वहीवांचूनच आली. १९०३ च्या कायद्यानें १९०४ पासून इंग्लंडमध्यें प्रत्येक मोटारीला क्रमांक मिळूं लागला. पुढें १९२० च्या रस्तेविषयक कायद्यानें प्रत्येक गाडीला एक नोंदणीपुस्तक लाभलें. त्यालाच लोक लॉगबुक म्हणूं लागले. गाडीची जात, रंग, इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक, व एकामागून एक झालेल्या धारकांचीं नांवें त्यांत लिहिलीं जात. परंतु हें पुस्तक कराच्या आणि नोंदणीच्या सोयीसाठीं होतें. तें मालकीचें खत नव्हतें. ज्याचें नांव लिहिलें आहे तोच कायद्यानें मालक असेल असें नाहीं, ही सूचनाही त्यावर छापलेली असे. सामान्य माणूस मात्र तें मालकीचेंच खत समजत राहिला. १९७४ पासून ही नोंद स्वान्सी येथील एका मध्यवर्ती कचेरीकडे गेली, तरी तो भेद कायम राहिला. घोड्याच्या वहीला एक साक्षीदार असे; मोटारीच्या पुस्तकाला तो नव्हता.

आतां प्रथम विकणाराच्या शब्दाकडे पाहूं. १८९३ च्या मालविक्रीच्या कायद्यानें व्यापारी आणि खासगी विकणारा यांच्यामध्यें एक महत्त्वाची रेषा ओढली. माल चांगल्या दर्जाचा असल्याची हमी कायदा न सांगतां गृहीत धरतो, ती धंदा म्हणून विकणाराच्या बाबतींत. घरच्या गृहस्थाच्या बाबतींत नाहीं. तेथें ‘घेणारानें डोळे उघडे ठेवावे’ हाच जुना नियम लागू. परंतु ज्या वर्णनावरून माल विकला, त्या वर्णनाशीं तो जुळला पाहिजे, हें बंधन दोघांवरही सारखेंच होतें.

ही रेषा व्यवहारांत कशी पडते, हें तीन निकालांवरून कळतें. पहिला १९५७ सालचा. एका गृहस्थानें आपल्या घरची मॉरिस गाडी व्यापाऱ्याला देऊन दुसरी घेतली. गाडी १९४८ ची म्हणून तिचे २९० पौंड धरले गेले, आणि लॉगबुकांतही तसेंच लिहिलेलें होतें. कांहीं महिन्यांनीं उघडकीस आलें कीं गाडी १९३९ ची. मागच्या कोणा धारकानें पुस्तकांत खोडसाळपणा केलेला. खरी किंमत १७५ पौंड. व्यापाऱ्यानें फरकाच्या ११५ पौंडांचा दावा लावला आणि तो हरला. अपील न्यायालय म्हणालें, या गृहस्थाला गाड्यांचें विशेष ज्ञान नव्हतें. पुस्तकांत जें वाचलें तेंच त्यानें सांगितलें. व्यापाऱ्याला मात्र सांगाड्याच्या क्रमांकावरून खरें साल शोधतां आलें असतें.

दुसरा निकाल १९६५ चा, आणि तो मैलांच्या आंकड्याविषयींचा आहे. मैल मोजण्याची युक्ति फार जुनी. रोमन स्थापत्यविशारद व्हिट्रूव्हियस यानें इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत अशा एका गाडीचें वर्णन केलें आहे: चाकाच्या चारशें फेऱ्या झाल्या कीं एक मैल भरे, आणि एक खडा खालच्या कांशाच्या भांड्यांत पडे. पण खडे मोजणारा गाडीवान आणि भांड्यांत हात घालूं शकणारा गाडीवान एकच असला, तर काय करावें, हा प्रश्न तेव्हांपासून आजवर सुटलेला नाहीं. १९६५ च्या खटल्यांत एका व्यापाऱ्यानें बेंटले गाडी विकतांना सांगितलें होतें कीं, इंजिन बदलल्यापासून ती केवळ वीस हजार मैल चालली आहे. वास्तविक ती एक लाखाच्या घरांत गेली होती. न्यायालयानें व्यापाऱ्याला त्याच्या शब्दांत बांधलें. गाडीचा पूर्वेतिहास शोधण्याचें साधन त्याच्याजवळ होतें, आणि तें त्यानें वापरलें नव्हतें. म्हणजे मॉरिसवाला सुटला आणि बेंटलेवाला अडकला, तो एकाच तत्त्वानें: ज्याला जाणून घेण्याची सोय अधिक, त्याच्या शब्दाचें वजन अधिक.

मग खासगी विकणारा पूर्ण मोकळा कीं काय? तसें नाहीं, हें तिसऱ्या, १९६७ च्या निकालानें दाखविलें. एका गृहस्थानें आपल्या पांढऱ्या ट्रायंफ हेराल्डची जाहिरात दिली. तींत गाडी १९६१ ची असल्याचें लिहिलें. घेणारानें ती पाहिली, मागच्या बाजूचा ‘१२००’ हा बिल्ला पाहिला, आणि १९० पौंड मोजले. नंतर कारखान्यांत चढविल्यावर कळलें कीं ती एक गाडी नव्हतीच. मागला अर्धा भाग १९६१ च्या गाडीचा, पुढला अर्धा भाग त्याहून जुन्या गाडीचा, आणि दोन्ही मध्यें सांधून एक केलेलीं! विकणाराला याचा पत्ताही नव्हता. तरीही न्यायालयानें १२५ पौंडांची भरपाई त्याच्यावर बसविली. कारण जाहिरातींत जें वर्णन केलें, त्या वर्णनाची गाडी त्यानें दिली नव्हती. घरच्या मोटारीविषयीं चार ओळी लिहिणाराला हा निकाल अजूनही उपयोगी आहे. ‘गाडी उत्तम आहे’ असें म्हणणें एक, आणि ‘अमक्या सालची, इतके मैल चाललेली’ असें लिहिणें निराळें.

या शब्दांच्या कसोटीचा अर्थशास्त्रीय अर्थ १९७० सालीं अमेरिकेंत जॉर्ज अॅकरलॉफ यानें उलगडून दाखविला. त्याचा निबंध तीन नियतकालिकांनीं नाकारला होता. चौथ्यानें छापला, आणि २००१ सालीं अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत त्याला वाटा मिळाला. त्याचा मुद्दा थोडक्यांत असा: जुन्या मोटारींपैकीं चांगली कोणती आणि वाईट कोणती, हें विकणाराला ठाऊक असतें, घेणाराला नसतें. म्हणून घेणारा सगळ्यांनाच मध्यम किंमत देऊं करतो. त्या किंमतींत वाईट गाडीचा मालक खूष असतो आणि चांगल्या गाडीच्या मालकाला तोटा होतो. तो आपली गाडी विकावयास आणीतच नाहीं. चांगल्या गाड्या अशा रीतीनें मागें हटल्या कीं बाजारांत वाईटच उरतात. तात्पर्य, लबाडीची खरी किंमत फसलेला एकटाच देत नाहीं. ज्यानें आपली गाडी जिवापाड सांभाळली तो प्रामाणिक मालकही ती देतो. १९७२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें मैलमापकाचा आंकडा मागें फिरविणें संघराज्याच्या कायद्यानें बेकायदा ठरविलें, आणि गाडी देतांना मैलांचा आंकडा लेखी देणें भाग पाडलें. हा निर्बंध जितका घेणाराच्या हिताचा, तितकाच जपून वापरणाऱ्या मालकाच्याही हिताचा होता.

येथवर विकणाराच्या शब्दाची कथा झाली. आतां घेणाराच्या शब्दाची. हा शब्द बहुधा एका कागदावर लिहिलेला असतो, आणि त्या कागदाला चेक म्हणतात.

येथें कायद्याचा एक बारकावा आधीं सांगितला पाहिजे. चोरानें वस्तु चोरली, तर तिची मालकी त्याला मिळत नाहीं, आणि तो ती पुढें कोणालाही देऊं शकत नाहीं. परंतु मालकानें फसून कां होईना, आपण होऊन ती विकली असेल, तर करार झालेला असतो. फसलेल्याला तो रद्द करतां येतो इतकेंच. तो रद्द होण्यापूर्वीं भामट्यानें ती वस्तु एखाद्या प्रामाणिक माणसाला विकली, तर ती त्या माणसाची होते. मग प्रश्न असा कीं, भामट्यानें खोटें नांव सांगितलें असेल, तर करार झाला असें म्हणावयाचें, कीं मुळांतच झाला नाहीं असें म्हणावयाचें? सगळी भिस्त या एका उत्तरावर.

१९१८ सालीं लंडनच्या एका जवाहिऱ्याच्या दुकानांत एक मनुष्य आला, एका प्रसिद्ध सरदाराचें नांव त्यानें आपलें म्हणून सांगितलें, आणि तीन हजार पौंडांचा चेक लिहिला. त्या नांवाचा गृहस्थ सांगितलेल्या पत्त्यावर राहतो, हें जवाहिऱ्यानें निर्देशिकेंत पाहून घेतलें, आणि साडेचारशें पौंडांची एक आंगठी त्याला लगेच नेऊं दिली. चेक खोटा निघाला, आंगठी गहाण पडली. १९१९ सालीं न्यायालय म्हणालें कीं, जवाहिऱ्यानें समोर उभ्या असलेल्या माणसालाच आंगठी विकली; मालकी गेली. मोटारींचे पुढचे खटले याच वाटेनें आले.

१९५७ सालीं बोर्नमथ येथें तिघी स्त्रियांनीं मिळून आपली रेनो डॉफिन गाडी विकावयास काढली. ७१७ पौंडांवर सौदा ठरला. गिऱ्हाइकानें चेकबुक काढतांच त्यांतील एकीनें स्पष्ट सांगितलें कीं, चेक चालणार नाहीं, रोख रक्कम पाहिजे. तेव्हां त्यानें एका प्रतिष्ठित गृहस्थाचें नांव आणि पत्ता सांगितला. दुसरी हळूच पोस्टांत जाऊन टेलिफोनच्या यादींत पाहून आली; नांव आणि पत्ता दोन्ही तेथें होते. मग चेक घेतला गेला. तो वटला नाहीं, आणि गाडी पुढें ब्लॅकपूलच्या एका व्यापाऱ्याच्या हातीं सांपडली. अपील न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपैकीं दोघांनीं १९६० सालीं ठरविलें कीं, या स्त्रियांनीं यादींतल्या त्या विशिष्ट गृहस्थालाच गाडी देऊं केली होती, समोरच्या भामट्याला नव्हे. म्हणून करारच झाला नाहीं आणि गाडी त्यांचीच राहिली. श्रोत्यांच्या ध्यानांत येईल कीं, जवाहिऱ्यानेंही निर्देशिका पाहिलीच होती!

त्याच १९६० च्या जानेवारीत एका गृहस्थाची जग्वार गाडी अशीच चेकवर गेली. चेक दुसऱ्याच दिवशीं नाकारला गेला. भामटा तर गायब. करार रद्द केल्याचें त्याला कळविणार कसें? या गृहस्थानें वेळ दवडला नाहीं. तो तडक पोलिसांकडे आणि मोटारवाल्यांच्या संघाकडे गेला, व गाडी शोधण्यास मदत मागितली. तिची पुढली विक्री त्यानंतर झाली. इंग्लंडच्या न्यायालयांनीं मानलें कीं, भामटा मुद्दाम तोंड लपवीत असतां फसलेल्यानें जें करणें शक्य होतें तें सर्व केलें. तेवढ्यानें करार रद्द झाला आणि जग्वार त्याची राहिली. स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयानें मात्र १९६५ सालीं जवळजवळ अशाच एका प्रकरणांत उलट मत दिलें: पोलिसांना सांगणें म्हणजे करार रद्द करणें नव्हे. एकच कृति सीमेच्या अलीकडे पुरेशी आणि पलीकडे अपुरी!

आतां त्या प्रकरणाकडे येऊं, ज्यानें हा गोंधळ बऱ्याच अंशीं मिटविला. यांतली गाडी ऑस्टिन कूपर एस. अॅलेक इसिगोनिस यानें आंखलेली मिनी ही छोटी गाडी १९५९ सालीं बाजारांत आली. शर्यतीच्या गाड्या बांधणारा जॉन कूपर यानें तिला जोरकस इंजिन देवविलें. आणि १९६३ पासून निघालेल्या ‘एस’ जातीनें १९६४ ची माँटे कार्लोची शर्यत जिंकली. अशी गाडी तरुणांना भुरळ घालणारच. ब्रिस्टल येथील रसायनशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याजवळ ती होती. १९६९ च्या मे महिन्यांत त्यानें ती साडेचारशें पौंडांस विकावयाची जाहिरात दिली.

संध्याकाळीं एक मनुष्य आला. त्यानें गाडी चालवून पाहिली आणि पसंत केली. मग विद्यार्थी व त्याची वाग्दत्त वधू यांच्याशीं तो चित्रपटसृष्टीच्या गप्पा मारीत बसला, आणि आपण रिचर्ड ग्रीन असल्याचें त्यानें सांगितलें. या नांवाचा नट रॉबिन हूडच्या भूमिकेनें घराघरांत पोंचलेला होता. पाहुण्यानें साडेचारशें पौंडांचा चेक लिहिला आणि गाडी लगेच नेतों म्हणाला. विद्यार्थ्याला चेक वटेपर्यंत गाडी द्यावयाची नव्हती. पण तसें तोंडावर कसें म्हणावें? म्हणून त्यानें एक निमित्त काढलें: गाडीचीं एकदोन लहानसहान कामें राहिलीं आहेत, तीं करून देतों. पाहुणा म्हणाला, त्याची कांहीं जरुरी नाहीं. तेव्हां विद्यार्थ्यानें ओळखीचा पुरावा मागितला. पाहुण्यानें पाइनवुड स्टुडिओचा प्रवेश-परवाना पुढें केला. त्यावर नांव होतें, पत्ता होता, शिक्का होता आणि त्याचेंच छायाचित्र होतें. विद्यार्थ्याचें समाधान झालें. रात्रीच्या वेळीं गाडी, लॉगबुक आणि तपासणीचा दाखला हीं तिन्ही त्याच्या हवालीं झालीं.

चेक चोरलेल्या चेकबुकांतला होता. परंतु तें कळण्यापूर्वींच भामटा लंडनला पोंचला होता. जुनी गाडी हवी अशी जाहिरात दिलेल्या संगीताच्या एका तरुण विद्यार्थ्याला त्यानें गांठलें, आतां लॉगबुकांतल्या विकणाराचें नांव स्वतःचें म्हणून सांगितलें, आणि दोनशें पौंडांना कूपर विकून टाकली. त्या संगीत-विद्यार्थ्याच्या वडिलांनीं त्याच्या वतीनें गाडीच्या दुरुस्तीची पुस्तिका मागण्यासाठीं लॉगबुकांतल्या पत्त्यावर ब्रिस्टलला पत्र लिहिलें, आणि दोघांनाही सगळा प्रकार समजला. एकानें साडेचारशेंची गाडी गमावली. दुसऱ्यानें आपले दोनशें पौंड मोजले. गाडी मात्र एकच.

खालच्या न्यायालयानें ती मूळ मालकाची ठरविली. १९७१ सालीं अपील न्यायालयानें तो निकाल फिरविला. लॉर्ड डेनिंग यांचें म्हणणें असें कीं, जवाहिऱ्याचा खटला आणि डॉफिनचा खटला यांत वस्तुतः फरक दाखवितां येत नाहीं. आणि ज्याला आधीं काय घडलें याची कल्पनाही नाहीं, त्या घेणाराची मालकी असल्या शब्दच्छलावर लटकत ठेवणें योग्य नाहीं. मनुष्य समोर उभा असतां जो सौदा होतो, तो त्या समोरच्या माणसाशींच झाला असें धरावें. फसवणुकीमुळें तो रद्द करतां येईल, पण त्रयस्थानें प्रामाणिकपणें खरेदी करण्यापूर्वीं. गाडी संगीत-विद्यार्थ्याकडे राहिली.

हा निकाल योग्य होता काय? आपल्या न्यायबुद्धीला तो सहज पटत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. ज्यानें गाडी जपली, ज्यानें चेक वटेपर्यंत थांबण्याचा प्रयत्न केला, ज्यानें पुरावाही मागितला, त्यालाच संपूर्ण नुकसान! डॉफिनच्या खटल्यांत अल्पमतांत राहिलेले न्यायमूर्ति डेव्हलिन यांना हीच गोष्ट खुपली होती. दोघेही निष्पाप असतील, तर झालेला तोटा दोघांत न्याय्य प्रमाणांत वांटून देण्याची शक्ति न्यायालयाला असावी, असें त्यांनीं सुचविलें. सोळाव्या शतकांतील घोड्याच्या कायद्यांत असा कांहीं मेळ होता, हें आपण पाहिलेंच आहे. परंतु १९६६ सालीं इंग्लंडच्या कायदासुधारणा समितीनें ती सूचना अव्यवहार्य म्हणून बाजूला ठेवली. गाडी पांचसहा हातांतून गेली, तर कोणाचा किती दोष हें मोजीत बसावें लागेल, आणि खरेदीचा कोणताही व्यवहार निश्चित राहणार नाहीं, ही अडचण खरी होती.

माझ्या मतें डेनिंग यांच्या निकालाचें समर्थन दुसऱ्या एका गोष्टींत आहे. संगीत-विद्यार्थ्याजवळ भामट्याला अडविण्याची संधि जवळजवळ नव्हती. लॉगबुक होतें, गाडी होती, नांव जुळत होतें. मूळ मालकाजवळ मात्र एक निश्चित उपाय होता: चेक वटेपर्यंत किल्ली न देणें. मॉरिस आणि बेंटलेच्या निकालांत जें तत्त्व दिसलें, तेंच येथें उलट्या बाजूनें लागू पडतें. ज्याच्या हातीं टाळण्याची शक्ति अधिक, त्याच्यावर बोजा अधिक. २००३ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं लेखी करारांपुरता निराळा मार्ग धरला. ज्याचें नांव कागदावर लिहिलें, त्याच्याशींच तो करार, असें ठरविलें. परंतु समोरासमोरच्या सौद्याचा नियम त्यानंतरही कायम राहिला.

हा सर्व इतिहास परका म्हणून सोडून देतां येत नाहीं. आपल्याकडील १९३० च्या मालविक्री कायद्याचें कलम २९ हेंच सांगतें: १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें रद्द करतां येण्याजोग्या करारानें माल मिळविलेल्या माणसाकडून, तो करार रद्द होण्यापूर्वीं, जो सद्बुद्धीनें आणि दोष ठाऊक नसतां खरेदी करतो, त्याला चांगली मालकी मिळते. म्हणजे कूपरची कथा ब्रिस्टलऐवजीं दादरला किंवा डेक्कन जिमखान्यावर घडली, तरी तत्त्व तेंच लागेल. आपल्याकडे विकणाराला आणखी एक जोखीम आहे. गाडी हस्तांतरित झाल्याची खबर परिवहन कार्यालयाला देण्याचें कर्तव्य १९८८ च्या मोटार-वाहन कायद्यानें विकणारा व घेणारा या दोघांवरही टाकलें आहे. ती नोंद झाली नाहीं, तर काय होतें? २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत गाडी विकली जाऊन एकामागून एक अनेकांच्या हातीं गेली होती, आणि नंतर तिच्यामुळें अपघात झाला. नोंदणींत नांव पहिल्याच मालकाचें राहिलेलें. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. पैसा पोंचला म्हणून व्यवहार पुरा झाला असें नाहीं. वहींतलें नांव बदलेपर्यंत गाडी विकणाराला सोडीत नाहीं.

चेकची जागा आतां बऱ्याच ठिकाणीं बँकेच्या तात्काळ हस्तांतरणानें घेतली आहे. पण पैसे पाठविल्याचें दाखविणारा खोटा संदेश आणि पाइनवुडचा खोटा परवाना यांचें गोत्र एकच आहे. दोन्ही पाहावयाचे असतात ते समोरच्याच्या हातांतल्या कागदावर किंवा पडद्यावर नव्हे, तर आपल्या स्वतःच्या बँकेच्या खात्यांत.

या प्रकरणांतील फसलेलीं माणसें मूर्ख नव्हतीं. एकीनें चेक नाकारला होता, दुसरीनें पोस्टांत जाऊन यादी पाहिली होती, ब्रिस्टलच्या विद्यार्थ्यानें किरकोळ दुरुस्तीचें निमित्त काढलें होतें. प्रत्येकाला योग्य वेळीं योग्य शंका आली होती. मग अडलें कोठें? सभ्यपणें बोलणाऱ्या माणसाला ‘मला अजून तुमचा भरंवसा वाटत नाहीं’ असें तोंडावर म्हणण्याचा संकोच आड आला. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्याकडे म्हणतात तें उगीच नव्हे. जकातदाराची वही याच कामाची होती. तेथें शंका घेणें कोणा एकाचा उद्धटपणा ठरत नसे. तो जत्रेचा नियम होता, आणि प्रामाणिक गिऱ्हाइकालाही त्यांत अपमान वाटण्याचें कारण नसे. अशी वही घेऊन उभा राहणारा जकातदार आज कोणाच्या दाराशीं नाहीं. तेव्हां ज्यानें आपली मोटार वर्षानुवर्षें जपली, त्यानें तो नियम स्वतःच आधीं सांगून टाकावा: पैसे खात्यांत जमा होतील, नोंदणीचे कागद सह्या होऊन कार्यालयांत जातील, आणि मगच किल्ली हातीं पडेल. प्रामाणिक गिऱ्हाईक एवढ्यानें परत जात नाहीं. आणि जो परत जातो, तो गेलेलाच बरा.